दोन मिनिटांची फिर्याद

खामगाव-अकोल्याच्या कापूसबाजारातील कोणा गोऱ्या व्यापाऱ्याने स्वदेशी परतताना विकलेले, आणि तेव्हापासून बार्शीटाकळीच्या आमच्या वाड्यात बैठकीच्या कोपऱ्यात उभे असलेले पुरुषभर उंचीचे स्कॉटिश घड्याळ दररोज दोन मिनिटे मागे पडे; एवढ्याच फिर्यादीवरून वडिलांनी पाचारण केलेल्या एका घड्याळजीने त्याच्या दंतचक्रांना तेलाने न्हाऊ घातले, तातीस जादा वजन टांगले आणि रंगविलेली तबकडी ओल्या फडक्याने अशा निष्ठेने पुसली की मूळ घड्याळकाराच्या नावाची काही अक्षरे फडक्याबरोबरच गेली.

वस्तुतः घड्याळ निर्दोष होते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असून स्वतःभोवती फिरत असल्यामुळे गुरुत्वाकर्षण स्कॉटलंडपेक्षा वऱ्हाडात हजारात तीन भागांनी उणे भरते. साहजिकच तिकडे सेकंदाला एक हेलकावा घेणारा, सुमारे ९९ सेंटिमीटर लांबीचा लंबक इकडे मंदावतो आणि दिवसाकाठी दोन मिनिटांहून थोडे अधिक गमावतो. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्तानजीकच्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसला बिनचूक चालणारे त्याचे घड्याळही रोज अडीच मिनिटे मागे पडले होते. पुढे न्यूटनने त्या निरीक्षणाचा आधार घेतला. आमच्या घड्याळजीस ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण गोळ्याखालचा स्क्रू फिरवून गोळा तीन मिलिमीटर वर घेण्याची तसदी त्याने घेतली असती तर सारे निभावले असते.

तेव्हा असा जिन्नस ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो कोणापुढे उघडण्यापूर्वी आठवडाभर रोजची तफावत वहीत टिपावी. ती रोज सारखीच असेल तर दोष यंत्रात नाही. वैशाखात पोलादी दांडी तापून लांबते आणि दर दहा अंशांमागे दिवसाचे पाच सेकंद जातात, हेही हिशेबात धरावे. जादा वजनाने गती वाढत नाही, दाते मात्र झिजतात. तेल केवळ आसांच्या टोकांना, तेही थेंबभर. दात्यांवर पडले की काळ्या मातीची धूळ त्यात मिसळून कानशीसारखे काम करते, आणि आमच्याकडे ते तिने चोख बजावले.

घड्याळ हलविण्याचा प्रसंग आलाच, तर आधी लंबक व वजने उतरवावीत. ती तशीच ठेवून उचलल्यास लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर झुलतो ती मोडते, आणि तसली पट्टी अकोल्याच्या बाजारात सहसा मिळत नाही.