टेम्पो चोरीला गेला तर: पोलीस, विमा कंपनी आणि चावीचा प्रश्न



मालीम असो, कुटबण असो की खारीवाडा, पहाटे जेटीवर पिकअप उभी असते तेव्हा चावी बऱ्याचदा आतच लटकत असते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मागून बर्फाची गाडी आली की कोणीतरी आपली गाडी पुढे घ्यायला हवी, आणि मालक त्या वेळी मासळीच्या ढिगाजवळ दर ठरवत असतो. अशी गाडी गेली की पहिला सल्ला देणारे म्हणतात, "चावी आत होती हे पोलिसांत बोलू नको, क्लेम जाईल." हा सल्ला चुकीचा आहे. आज हा विषय घेण्याचे मुख्य कारण तेच.

पण आधी पॉलिसी काढून बघा. तिच्यावर फक्त 'थर्ड पार्टी' लिहिले असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. ती पॉलिसी आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्यासाठी असते. चोरीसाठी पॅकेज पॉलिसी, म्हणजे लोक ज्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात ती लागते, नाहीतर थर्ड पार्टीसोबत वेगळे 'ओन डॅमेज' कव्हर तरी हवे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हातात पैसा नसतो, आणि ज्यांची पॉलिसी नेमकी त्या दोन महिन्यांत संपते ते "ऑगस्टमध्ये बघू" म्हणतात. गाडी शेडमध्ये उभी आहे, चालत नाही, मग विमा कशाला, असा हिशेब. अहो, उभी असलेली गाडीच चोराला सोपी!

पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून एक आकडा असतो. गाडी पूर्ण गेली तर त्या आकड्यातून ठरलेली सक्तीची वजावट करून पैसे मिळतात. वय वाढते तशी ही किंमत उतरते. नेहमीच्या तक्त्याप्रमाणे दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. मासळीसाठी मागाहून बसवलेली इन्सुलेटेड बॉडी पॉलिसीत वेगळी दाखवली नसेल तर तिचे पैसे मागायला जागा राहत नाही. बॉडीचे बिल एजंटला द्या आणि पॉलिसीवर ती चढली की नाही हे आपल्या डोळ्यांनी बघा. (होडीच्या ओबीएम इंजिनाचा गाडीच्या विम्याशी संबंध नाही. तो विषय वेगळा.)

आता चोरीचा दिवस. शोधाशोध एखादा तास करा, जास्त नको. पोलीस स्टेशन गाठा आणि एफआयआरच नोंदवून घ्या, नुसत्या अर्जावर शिक्का मारून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. चोरीचे कलम आता भारतीय न्याय संहितेचे ३०३ आहे. "ही हद्द आमची नाही" असे उत्तर मिळाले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे बोट दाखवा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यावी लागते. आपली गाडी चोर्ला घाटातून बेळगावला मासळी घेऊन गेली आणि रात्री तिथून गेली, ड्रायव्हर घाबरून पहाटे गोव्यात परतला, तरी इथे तक्रार देता येते. ती पुढे तिकडे पाठवली जाते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच करत नसतील तर तीच खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. फास्टॅग असेल तर शेवटचा टोल कुठे कापला ते पोलिसांना दाखवा, मग टॅग बंद करा.

त्याच दिवशी विमा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर कळवा, क्लेम नंबर लिहून घ्या, आणि ईमेलही करा. फोनवर सांगितल्याचा पुरावा पुढे कोणी शोधून देत नाही. एजंटला सांगितले म्हणजे कंपनीला सांगितले, असे धरून चालू नका. समजा कंपनीला कळवायला उशीर झालाच, तरी हातपाय गाळू नका. गुरशिंदर सिंग यांच्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात चोरी ऑक्टोबर २०१० मध्ये झाली, एफआयआर त्याच दिवशी झाला, पण कंपनीला कळवले दीड महिना उलटल्यावर. कंपनीने क्लेम नाकारला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २४ जानेवारी २०२० रोजी सांगितले की पोलिसांत वेळेवर तक्रार झाली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून क्लेम नाकारता येत नाही. मात्र नीट वाचा, ही सवलत कंपनीला कळवण्याच्या उशिराची आहे. एफआयआरलाच उशीर झाला तर या निकालाचा आधार घेता येत नाही.

आता चावीकडे येऊ. पॉलिसीत एक अट असते, की मालकाने गाडी सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी. चावी आत ठेवली म्हणजे अट मोडली, असे कंपनी म्हणणार. तो मुद्दा अगदीच खोटा नाही, बरं का. पण त्याचा अर्थ सगळे पैसे बुडाले असा होत नाही. अशोक कुमार यांच्या ट्रकच्या प्रकरणात ड्रायव्हर खाली उतरला, चावी गाडीतच राहिली आणि ट्रक गेला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये क्लेम 'नॉन-स्टँडर्ड' धरून विम्याच्या रकमेचे ७५ टक्के द्यायला लावले. म्हणजे आयडीव्ही ४ लाख असेल तर ३ लाखांच्या आसपास. प्रत्येक प्रकरणात असेच होईल असे नाही. गाडी रात्रभर चावीसकट उघडी सोडली तर गोष्ट वेगळी. पण खरे सांगणाऱ्याला निदान ७५ टक्के मागण्याची वाट आहे. आता खोटे सांगितले तर काय होते बघा. कंपनीचा तपासनीस जेटीवर येतो, चहाच्या टपरीवर बसतो, हमालाशी बोलतो, शेजारच्या मुलाला विचारतो. कोणीतरी सहज सांगून जातो की चावी आतच होती. मग एफआयआरमध्ये एक आणि तपासात दुसरेच. तिथे प्रश्न निष्काळजीपणाचा राहत नाही, फसवणुकीचा होतो, आणि ७५ टक्क्यांचा दरवाजाही आपणच आपल्या हाताने बंद केलेला असतो. ड्रायव्हरलाही हेच समजावून सांगा. तो मालकाच्या भीतीने काहीतरी रचून सांगतो, आणि त्याची सही झालेला जबाब मागे घेता येत नाही.

कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक पूर्वीच हरवली असेल तर तसे लेखी कळवा. बाजारातून घासून आणलेली डुप्लिकेट मूळ चावी म्हणून देऊ नका, बघणाऱ्याला ती ओळखू येते. बाकी कागद नेहमीचेच: पॉलिसी, आरसी, लायसन, एफआयआर, आरटीओला चोरी कळवल्याची पोच, आरटीओचे सही केलेले फॉर्म, आणि गाडी सापडल्यास तिचा हक्क कंपनीकडे जाईल असे पत्र. सगळ्याच्या झेरॉक्स घरी ठेवा. सही करण्यापूर्वी फॉर्म वाचा, विशेषतः 'पूर्ण आणि अंतिम समाधान' असे लिहिलेला कागद. रक्कम पटली नसेल तर त्याच्यावर मुकाट्याने सही करू नका.

वेळ खातो तो पोलिसांचा शेवटचा अहवाल, गाडी सापडली नाही असा. त्याला काही महिने जातात. सीमेवरच्या सभासदांसाठी इथे एक गोंधळ आहे. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण तपास लागला नाही, याला 'ए समरी' म्हणतात. कर्नाटकात त्याच अर्थाचा 'सी रिपोर्ट' असतो. महाराष्ट्रात मात्र 'सी' म्हणजे गुन्हा ना खरा ना खोटा, गैरसमजातून नोंदलेला. त्यामुळे बेळगावचा 'सी रिपोर्ट' पुण्या-मुंबईच्या ऑफिसात गेला तर सोबत दोन ओळींचे पत्र लावून अर्थ कळवा, आणि कागद कन्नडमध्ये असतील तर भाषांतर जोडा. विमा नियामकाने २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे की कागद नाहीत एवढ्या कारणावर क्लेम नाकारायचा नाही. मागणी लेखी घ्या, उत्तर लेखी द्या.

गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात, उरले तर आपल्याला. क्लेम चालू असताना हप्ता थांबत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात बँकेला लेखी कळवा.

सेकंडहँड गाडी नोटरीच्या कागदावर घेऊन वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावाने चालवणारे आपल्यात कमी नाहीत. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, चोरीचा विमा येत नाही. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमा नावावर करायचा अर्ज द्या. नाहीतर आरसी एकाची, पॉलिसी दुसऱ्याची, आणि पैसे कोणालाच नाहीत. पांढऱ्या पाटीच्या व्हॅनमधून मासळी नेणाऱ्यांना लगेच नकार मिळतो. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवताना चोरीला गेली, अशा एका प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ७५ टक्के कायम ठेवले होते, हे लक्षात ठेवा. पण नोंदणीच संपलेली असेल तर कोर्टही हात देत नाही. २०२१ मध्ये तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या चोरीचा क्लेम तिथेच फेटाळला गेला.

नकाराचे पत्र आले तर त्यातले कारण वाचा, एजंटचा अर्थ नको. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्ष. विमा नियामकाचा तक्रार नंबर १५५२५५ आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांपर्यंत जाता येते. तिथे फी भरलेल्या हप्त्यावर ठरते आणि हप्ता ५ लाखांच्या आत असेल तर काहीच नाही, म्हणजे आपल्या बहुतेकांना शून्य. ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केल्यावर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम आधीच ठरवा. "टेम्पो धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक नाही" असे कोणी म्हणाले, तर २०२३ चा हर्सोलिया मोटर्सचा निकाल दाखवा. विमा नफ्यासाठी नाही, नुकसान भरून काढण्यासाठी घेतात, असे त्यात म्हटले आहे.

गाडी मध्येच सापडली तर लगेच कंपनीला कळवा. पैसे मिळायच्या आधी सापडली तर झालेल्या मोडतोडीचा क्लेम होतो. पैसे घेतल्यावर सापडली तर ती कंपनीची, मग तिच्या मागच्या पेट्या तेवढ्या मागून बघा.