केवल मूल्याची असमीकरणे व त्यांचे आलेख

वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासवर्गात दरवर्षी कोणीतरी आम्हांला विचारतेच, “सर, |क्ष − ३| < २ या उदाहरणात १ कुठून आला?” विचारणाऱ्याच्या वहीत क्ष < ५ एवढेच उत्तर असते. केवल मूल्य म्हणजे ऋण चिन्ह पुसणे, ही त्याची समजूत. दोष त्याचा नव्हे. घाईघाईत आम्हीच त्याला तसे शिकविलेले असते.

केवल मूल्य म्हणजे अंतर. |क्ष − ३| हे संख्यारेषेवर ३ पासूनचे अंतर होय. ते २ हून कमी हवे. ३ पासून डावीकडे दोन एकके गेलो की १, उजवीकडे ५. म्हणून १ < क्ष < ५. दोन्ही टोके उत्तरात नाहीत, तेथे पोकळ वर्तुळे काढावीत. असमानतेचे चिन्ह उलटले, तर क्ष < १ किंवा क्ष > ५ असे दोन स्वतंत्र किरण मिळतात. ते जोडून ५ < क्ष < १ असे लिहिणारे पुष्कळ. अशी संख्याच नसते!

प्रतलावर य ≥ |क्ष − २| − १ घेऊ. सीमारेषेचे टोक (२, −१) येथे असून तिच्या दोन भुजा (०, १) व (४, १) मधून वर जातात. चिन्हात बरोबरी आहे, म्हणून रेषा अखंड. नसती तर तुटक. छायांकन कोणत्या बाजूस करावे, हे पाठ करू नये, तपासावे. आरंभबिंदू घातला की ० ≥ १ असे असत्य विधान मिळते. म्हणजे ती बाजू वर्ज्य. (२, ०) घातल्यास ० ≥ −१ हे सत्य. भुजांमधील भाग रंगवावा.

आम्हांला सर्वांत प्रिय आकृती |क्ष| + |य| ≤ ४ ही. मुले वर्तुळाची अपेक्षा करतात आणि कोपऱ्यावर उभा राहिलेला चौरस निघतो! त्याचे कर्ण ८ एककांचे, क्षेत्रफळ ३२ चौरस एकके. रस्ते काटकोनांतच छेदणाऱ्या गावात चौकापासून चार फर्लांग चालून जेथवर पोहोचता येते, त्या प्रदेशाची हीच सीमा. तिरपे जाता येत नाही, म्हणून ती गोल नाही.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनीही मुलांसोबत बसून |य| ≤ क्ष चा आलेख काढून पाहावा. क्ष ऋण असता काय घडते, ते प्रथम तपासावे.