गप्प मुलाचे ऐकणे : निवासी शाळेतील समाजकार्य आणि मानसिक आरोग्य

निवासी शाळेत मुलाचे पोट भरले की नाही हे भोजनगृहात कळते, अभ्यास झाला की नाही हे वहीत दिसते. मन स्वस्थ आहे की नाही, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. खोडकर मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते. मनाने खचलेले मूल पुष्कळदा गप्प होते, आणि गप्प मुलाचा कोणालाच त्रास नसल्यामुळे ते नजरेतून सुटते. अशा मुलापर्यंत पोहोचण्याची एक शास्त्रशुद्ध रीत समाजकार्याने विकसित केली आहे. तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या शिक्षणाची वाटचाल वसतिगृहांच्या आधारानेच झाली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. अन्न, निवारा आणि पुस्तक ही त्या काळाची पहिली गरज होती. पुढे १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण सुरू झाले. त्याच संस्थेला आज आपण टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखतो. दयाबुद्धी पुरेशी नाही, मदतीलाही पद्धत लागते, हा विचार त्यातून रुजला.

ही पद्धत एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, ऊसतोड कामगाराचा दहा वर्षांचा मुलगा वसतिगृहात आहे. दिवाळीनंतर तो रोज सकाळी पोट दुखते म्हणू लागतो आणि रात्री अंथरूण ओले करू लागतो. मुले हसतात. अधीक्षक रागावतात. त्याला ‘कामचुकार’ हे नाव पडते.

समाजकार्यकर्ता येथे चार पायऱ्यांनी जातो. प्रथम तो वैद्यकीय तपासणी करून घेतो, कारण लघवीच्या संसर्गासारखे शारीरिक कारणही असू शकते. नंतर तो मुलाशी एकांतात, घाई न करता बोलतो, आणि घरची परिस्थिती जाणून घेतो. तेव्हा उलगडते की आईवडील गळीत हंगामासाठी गाव सोडून गेले आहेत आणि ते कोणत्या फडावर आहेत हेच मुलाला ठाऊक नाही. तिसरी पायरी उपायाची. मुकादमाकडून क्रमांक मिळवून दर रविवारी ठरलेल्या वेळी फोनची व्यवस्था करायची, अंथरूण गाजावाजा न करता बदलण्याची सोय करायची. चौथी पायरी पाठपुराव्याची. त्रास ओसरला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यायचे. ज्याला आपण कामचुकारपणा म्हणत होतो, ते आईवडिलांसाठी झुरणे होते.

फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये अशा मदतीच्या नात्याची सात तत्त्वे मांडली. प्रत्येकाला स्वतंत्र व्यक्ती मानणे, त्याला भावना व्यक्त करू देणे, आपला भावनिक सहभाग संयमित ठेवणे, आहे तसा त्याचा स्वीकार करणे, दोषारोप टाळणे, त्याचा निर्णयाचा हक्क जपणे आणि गुप्तता पाळणे. त्यांपैकी दोहोंकडे विशेष लक्ष हवे. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कार्यालयात चर्चेचा विषय होता कामा नये. मात्र जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल, तर मौन हा अपराध ठरतो, आणि ही मर्यादा मुलाला आधीच सांगावी लागते. दुसरे तत्त्व संयमित सहभागाचे. पाली भाषेतील ‘उपेक्खा’ म्हणजे मनाचा समतोल. मराठीतील ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष. कार्यकर्त्याला पहिली हवी, दुसरी नव्हे.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. “आम्ही याहून हाल काढले” हे वाक्य खरे असले, तरी त्याने मुलाचे तोंड बंद होते. “जगण्यात अर्थ नाही” असे कोणी म्हटले, तर विषय टाळू नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट ओझे हलके होते. मात्र अशा मुलाला एकटे सोडू नये आणि तातडीने तज्ज्ञांकडे न्यावे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा नव्हे, शुश्रूषा देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे. अडचणीतील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

सांभाळणाऱ्यांचेही मन थकते. रात्रंदिवस जबाबदारी वाहणाऱ्या अधीक्षकांना नियमित सुटी आणि मन मोकळे करण्यास सहकारी मिळणे ही चैन नव्हे, सेवेची अट आहे.

पालकांनी फोनवर गुणांआधी “झोप लागते का? मित्र कोण आहे?” असे विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी भेटीला आल्यावर यशासोबत आपल्या रडण्याच्या रात्रीही सांगाव्यात. आपल्यासारखेच कोणी या खोलीत रडले होते आणि तरीही उभे राहिले, हे कळणे एखाद्या गप्प मुलासाठी फार मोठा आधार असतो.