घसा बसलाय, बदली कुणी नाही

अगं, आधी रडणं थांबव, घसा आणखी ओढला जातो. उद्या रात्री यात्रेचा कार्यक्रम, सुपारी घेतलेली आणि ग्रुपात गाणारी बाई तू एकटीच. हातकणंगले तालुक्यात यात्रांच्या दिवसांत आयत्या वेळी गायिका मिळायची नाही, हे मला ठाऊक आहे. कमिटीवाले वर ऐकवतीलच, "विठाबाई बघा!"

विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट मलाही पाठ आहे. दिवस भरलेले, फडावर नाचताना कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. प्रेक्षकांच्या लक्षात आलं, तसा त्यांनीच खेळ थांबवायला लावला. समोरचा माणूस एवढा निर्दय नसतो गं, त्याला कळावं लागतं. आणि 2002 मध्ये त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीतून भागवावं लागलं. वाहवा करणारे तेव्हा कुठं होते, हे मी विचारणारच.

आता तुझं. अंगात ताप असेल, किंवा गाता गाता आवाज एकदम गेला असेल, तर उद्याचा विषय संपला. आवाज असा गेला असेल तर स्वरतंतूत रक्त उतरलेलं असू शकतं, तसंच गायलीस तर कायमचं नुकसान होऊ शकतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीतून बघून घे. दुखणं दाबायला ॲस्पिरिन तर नकोच, त्यानं रक्त थांबायला वेळ लागतो.

नुसतीच खवखव असेल तर आजपासून गप्प. कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण पडतो. साध्या पाण्याची वाफ घे, बाम घालू नकोस. ज्येष्ठमध चघळ हवं तर, बरं वाटतं. पण गिळलेलं काही स्वरतंतूंवर पोचत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. पाणीसुद्धा अंगात मुरून मगच तिथं उपयोगी पडतं, म्हणून उद्या स्टेजवर घटाघटा पिण्यापेक्षा आत्तापासून घोट घोट पी.

की-बोर्डवाल्याला पट्टी उतरवायला सांग. चढ्या लावण्या काढून टाक, युगुलगीतं घे, मधे ढोलकीवाल्याला वाजवू दे मनसोक्त. साउंडवाल्याला तुझा मॉनिटर वाढवायला लाव. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो. सगळे तिथंच फसतात.

आपल्या इचलकरंजीचं नाव लावणाऱ्या बाळकृष्णबुवांना दम्यापायी मुंबई सोडावी लागली होती. त्यानं त्यांचं गाणं संपलं नाही; विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याच हाताखाली तयार झाले. तुझी तर एक रात्र आहे.

कमिटीला आजच कळव, उद्या संध्याकाळी नव्हे. पण फोन ग्रुपच्या मालकाला करू दे. आणि हे वाचून मलाही फोन लावू नकोस, मेसेज टाक.