शंका-समाधान : रॉडचा सैल सांधा

*दहा फुटी, दोन तुकड्यांचा कार्बन रॉड घरीच बांधला. खडकावरून तांबोशीसाठी ल्युअर फेकला की अधूनमधून वरचा तुकडा सुटून ल्युअरच्या मागोमाग समुद्रात जातो. सांध्यावर सेलोटेप गुंडाळली, थोडे दिवस भागलं. कायमचा उपाय सांगावा. – एक वाचक, रत्नागिरी*

आधी ती टेप काढा. टेप दबते, उन्हात तिचा डिंक सरकतो आणि सगळा ताण एका अरुंद पट्ट्यावर येतो. मग वरच्या तुकड्याचं तोंड उभं चिरतं, आणि तो खर्च सैल सांध्यापेक्षा फार मोठा असतो.

सांध्याचा प्रकार तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून दोन्ही सांगतो. खालच्या तुकड्याच्या तोंडातून खुंटी बाहेर आलेली असेल आणि वरचा तुकडा तिच्यावर बसत असेल, तर रॉड जोडून नीट बघा. दोन तुकड्यांच्या कडांमध्ये अर्धा ते एक सेंटिमीटर फट दिसली पाहिजे. ही फट बघून पुष्कळांना वाटतं बांधणीत चूक झाली. चूक नाही, ती मुद्दाम ठेवलेली असते. खुंटी निमुळती असते. वापराने ती झिजते, तसा वरचा तुकडा थोडा खाली सरकून पुन्हा घट्ट बसतो. कडेला कड टेकली की खाली सरकायला जागाच उरत नाही. मग कितीही जोराने दाबा, सांधा सैलच.

अशा वेळी वरच्या तुकड्याचं तोंड चार-पाच मिलिमीटर कापायचं. कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळा, बारीक दातांच्या पात्याने रॉड फिरवत फिरवत कापा आणि कड ओल्या पॉलिश पेपरने घासा. कार्बनची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा. तोंडाजवळची दोऱ्याची गुंडाळी कापण्यात जाईल किंवा सुटेल. ती नवीन घालून वर इपॉक्सी चढवल्याशिवाय रॉड पाण्यावर नेऊ नका. तोंड फाटू नये म्हणून तो दोरा असतो, शोभेसाठी नव्हे.

वरचा तुकडा पेनाच्या टोपणासारखा थेट खालच्यावर बसत असेल, तर प्रश्न वेगळा. तिथे अडायला काही नसतं, त्यामुळे नव्या रॉडमध्येच सांधा हलत असेल तर बहुधा दोन्ही तुकड्यांचा उतार जुळत नाही. एका रॉडचा बुंधा आणि दुसऱ्याचं टोक जोडणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं. आतल्या भागावर मऊ पेन्सिल फिरवा, सांधा जोडा, किंचित पिळून काढा. पेन्सिल कुठे पुसली गेली ते बघा. सगळीकडून सारखी पुसली असेल तर बसण ठीक आहे, नुसती पकड कमी आहे. फक्त एका टोकाला पुसली असेल तर उरलेला भाग हवेत आहे. त्या भागावर इपॉक्सीचा अगदी पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग सहाशे नंबरच्या ओल्या पेपरने घासत, पुन्हा पुन्हा बसवून बघत जुळवा. यात घाई करणाऱ्याचा सांधा अडकून बसतो, मग तो सोडवायला दोन माणसं लागतात.

आणि हे सगळं करण्याआधी साधी पांढरी मेणबत्ती वापरून बघा! सांध्याच्या दोन्ही बाजू स्पिरिटने पुसा, कारण खडकावरून गरवणाऱ्यांच्या रॉडमध्ये वाळू आणि मीठ असतंच, आणि तेच सांधा घासून खातं. मग आतल्या भागावर मेण घासा आणि फडक्याने चोळून जादाचं काढा. पकड नुसती कमी असेल तर इतकं पुरतं. दिवसभर ल्युअर फेकताना मधून मधून सांधा दाबून बघायची सवय मात्र ठेवा.

*रील सीट आणि ब्लँक यांच्यामध्ये बरीच पोकळी राहते. मास्किंग टेपचा जाड थर देऊन सीट चिकटवली. उजनीवर दोन-तीनदा जाऊन आल्यावर ती फिरू लागली. – एक वाचक, पुणे*

वर टेपला नाही म्हटलं, पण इथे ती चालते. हा सांधा पुन्हा उघडायचा नाही, त्यामुळे पोकळी भरणं रास्तच. तुमचा सलग थर चुकला. सीट टेपवर बसली, इपॉक्सीला ब्लँकपर्यंत जायला वाटच मिळाली नाही. टेपच्या अरुंद कड्या करा, मध्ये अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या खाचा ठेवा, आणि त्या खाचा इपॉक्सीने काठोकाठ भरा. शेवटची कडी सीटच्या टोकापासून आत घ्या, नाहीतर टेप पाणी ओढते. पोकळी दोन-तीन मिलिमीटरहून जास्त असेल तर टेप सोडून ग्रॅफाइटचा किंवा फोमचा आर्बर घ्या. पाच मिनिटांत वाळणारी इपॉक्सी इथे नको. सावकाश वाळणारी, घट्ट प्रकारची घ्या. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळा, दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर धरतो.

*आजोबांचा बांबूच्या पट्ट्यांचा जुना रॉड आहे. धातूच्या सांध्यात झोका देताना टक्-टक् आवाज येतो. पक्कडीने दाबू का? – एक वाचक, मुंबई*

मुळीच नाही. तो सांधा जर्मन सिल्व्हरचा असणार. पक्कडीने त्याची गोलाई गेली की ती परत येणं अवघड. शिवाय असा आवाज बहुधा धातू-धातूतला नसतो. धातू आणि बांबू जिथे मिळतात तिथे बोट ठेवून रॉड हलकेच वाकवा. बोटाखाली हालचाल जाणवली तर आतलं चिकटवण सुटलं आहे. सांधा काढून, जुना डिंक खरवडून तो पुन्हा चिकटवायचा. काढताना उष्णता धातूला द्या, बांबूला नको. आणि जमत नसेल तर अशा रॉडचं काम येणाऱ्या माणसाकडे द्या, हा रॉड शिकायला घेण्यासारखा नाही.