"कुठे पोहोचलास रे?" हा फोन बंद करा: डिलिव्हरी करणाऱ्या प्रत्येक मालकासाठी धडा



मागच्या व्हिडिओत आपण डिलिव्हरीचा खर्च कसा काढायचा ते पाहिलं. आज त्याच डिलिव्हरीतला असा विषय, ज्याचा हिशोब बहुतेक जण मांडतच नाहीत: गाडी चालवताना सुटणारं लक्ष. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

समजा, तुमचा डब्यांचा व्यवसाय आहे. मुलगा २५ डबे घेऊन स्कूटरवर निघालाय. साडेबाराला एका ग्राहकाचा तुम्हाला फोन येतो, "डबा कुठाय?" तुम्ही लगेच मुलाला फोन लावता, "अरे, कुठे पोहोचलास?" आता तो काय करणार? मालकाचा फोन आहे. हेल्मेट आणि कानाच्या मध्ये फोन कोंबून तो बोलणारच. आपण नंतर म्हणतो, "आजकालची पोरं गाडीवर फोनवर बोलतात." पण फोन लावला कोणी?

लक्ष तीन प्रकारे सुटतं

नजर रस्त्यावरून हटते, हात हँडलवरून सुटतो आणि मन दुसरीकडे जातं. मेसेज वाचताना तिन्ही एकदम होतं. ब्लूटूथ लावलं की हात मोकळे राहतात, पण "सुट्टे कोणाकडून घ्यायचे" या विचारात मन अडकतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्सफ्री वापरल्याने तो फारसा कमी होत नाही.

एक साधं गणित करा. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. स्क्रीनकडे ५ सेकंद पाहिलं, तर गाडी ५५ मीटर पुढे गेली, जवळजवळ डोळे मिटून! तेवढ्या अंतरात एखादी शाळा सुटलेली असू शकते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं आता 'धोकादायक वाहन चालवणं' यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात, तर १०,००० रुपये दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२० पासून नियमांत फक्त रस्ता पाहण्यासाठी फोन वापरायला मुभा आहे, तीसुद्धा चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने.

दंड तरी भरता येतो. कामावर असताना कर्मचारी जखमी झाला, तर नुकसानभरपाईची कायदेशीर जबाबदारी मालकावर येऊ शकते. आणि घरातला कमावता मुलगा गेला, तर त्याच्या आईला कोणती रक्कम भरून देणार?

मग करायचं काय?

नुसतं "फोन उचलू नकोस" सांगून भागत नाही. फोन करायची गरजच पडू नये, अशी कामाची पद्धत बसवायची.

१. निघण्याआधी दहा मिनिटं द्या. पत्त्यांचा क्रम, जवळची खूण, कुठे पैसे घ्यायचे, सुट्टे पैसे, हे सगळं एका कागदावर लिहून द्या. पहिल्या ठिकाणाचा नकाशा गाडी सुरू करण्याआधीच लावायचा. पुढचा पत्ता पुढच्या थांब्यावर.

२. ग्राहकाला ड्रायव्हरचा नंबर देऊ नका. दुकानाचा नंबर द्या. चौकशीला उत्तर देणं हे दुकानात बसलेल्या माणसाचं काम.

३. नेमका मिनिट सांगू नका. "साडेबाराला" ऐवजी "साडेबारा ते एकच्या दरम्यान" म्हणा. डबा निघाला की ग्राहकाला एक मेसेज टाका. निम्मे फोन इथेच थांबतील.

४. फोन नेहमी त्याच्याकडून येईल. प्रत्येक तिसऱ्या थांब्यावर गाडी स्टँडवर लावून त्याने मेसेज करायचा. खूप तातडीचं असेल, तर तुम्ही मेसेज टाका. थांबल्यावर तो बघेल.

५. फोन न उचलल्याबद्दल ओरडू नका. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. "तीनदा फोन केला, उचलत का नाहीस?" असं एकदा जरी म्हणालात, तर वरचे चारही नियम कागदावरच राहतील. उलट त्याने गाडी थांबवून फोन केला, तर चारचौघांत शाबासकी द्या.

आणि तुमचं स्वतःचं काय?

सुरुवातीला मालक, सेल्समन आणि ड्रायव्हर आपणच असतो. मनात भीती असते, "फोन उचलला नाही तर ऑर्डर जाईल." खरंतर ज्याला माल हवाय, तो वीस मिनिटं थांबतो. "गाडी चालवत आहे, थोड्या वेळात फोन करतो" असा मेसेज आपोआप जाण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते; ती सुरू करा. आणि तो फोन खरोखर करा, म्हणजे ग्राहकाचा विश्वास बसेल. घरच्यांनाही सांगून ठेवा: दोनदा रिंग वाजून उचलला नाही, म्हणजे मी गाडीवर आहे, काळजी करू नका. मागच्या सीटवर बसलेली मुलं तुमच्याकडे बघूनच शिकत असतात, हेही लक्षात असू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस वहीत तीन रकाने आखा: गाडी रस्त्यावर असताना फोन कोणी केला, कशासाठी केला, आणि निघण्याआधी काय सांगितलं असतं तर तो टळला असता. आठव्या दिवशी जे कारण सगळ्यात जास्त वेळा आलंय, ते आधी दुरुस्त करा. मग दुसरं.

डबा दहा मिनिटं उशिरा पोहोचला तर ग्राहकाची माफी मागता येते. मुलगा संध्याकाळी घरी पोहोचलाच पाहिजे.

भेटूया पुढच्या धड्यात!