पाणी वाढलं की मासा काठाला येतो

मंडळाच्या बैठकीत इंग्रजी नदी-वाङ्मय वाचताना एक गोष्ट दर वेळी दिसते. रॉडरिक हेग-ब्राउन असो की रेमंड कार्व्हर, नदीचं, धुक्याचं, झाडांचं वर्णन आलं की सगळे खूश. लेखक गळ, दोरी आणि 'आज पाणी चढलंय' यावर आला की सगळ्यांची पानं पटापट उलटतात. माझं म्हणणं असं की या लेखकांचं खरं काम त्याच पानांत चालू असतं. म्हणून हा छोटा पाठ: उन्हाळी स्टीलहेड म्हणजे काय, आणि नदीला पाणी वाढलेलं असताना तो कसा धरतात. मराठीत हे कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. बरीचशी माहिती पुस्तकांतली, आणि उरलेली सिअॅटलजवळ नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाकडून. तो जून लागला की शनिवारी फोन उचलत नाही.

आधी मासा. स्टीलहेड ही वेगळी जात नाही. आपण ज्याला रेनबो ट्राउट म्हणतो तोच हा मासा, पण समुद्रावर जाऊन आलेला. नदीत जन्मतो, एक-दोन वर्षं, कधी जास्त, नदीतच वाढतो, मग पॅसिफिक महासागरात जातो आणि मोठा, चंदेरी होऊन जन्माच्या नदीत परततो. पॅसिफिक सामन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेड मरतोच असं नाही. काही मासे पुन्हा समुद्रात जातात आणि दुसऱ्यांदाही परततात. शास्त्रज्ञ पूर्वी रेनबो ट्राउटला अटलांटिक सामनच्या गोत्रात धरत. १९८९ साली त्याची रवानगी पॅसिफिक सामनच्या गोत्रात झाली. म्हणजे चुलत्यांच्या घरातून काढून मामाच्या घरी नेऊन ठेवला म्हणा.

त्याचे हिवाळी आणि उन्हाळी असे दोन प्रकार. हिवाळी मासा साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये नदीत शिरतो. त्याची अंडी पिकत आलेली असतात आणि काही आठवड्यांत त्याचं काम होतं. उन्हाळी मासा मे ते ऑक्टोबरमध्ये शिरतो, पण त्याची अंडी कच्ची असतात. ती घालायची थेट पुढच्या वसंताच्या सुमारास. तोपर्यंत सहा, आठ, कधी त्याहून जास्त महिने हा मासा नदीत नुसता थांबतो. खातो फार थोडं. समुद्रातून आणलेल्या चरबीवर इतके महिने काढायचे, आणि शेवटी अंडी घालण्याइतकी ताकद शिल्लक ठेवायची. एवढं एक लक्षात राहिलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. उन्हाळी स्टीलहेड कंजूष असतो. त्याला कंजूष असावंच लागतं.

आता कुणी विचारेल, उन्हाळ्यात पाणी वाढतं कसं? आपल्याकडे मे महिन्यात नदीचे दगड मोजता येतात. तिकडे हिशेब उलटा. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतावर हिवाळाभर बर्फ साचतं आणि मे-जूनमध्ये वितळतं. स्कायकोमिशसारख्या नद्या तेव्हा भरून वाहतात आणि पहिले उन्हाळी मासे नेमके त्याच पाण्यातून वर येतात. काही नद्यांच्या माथ्यावर हिमनदी असते. तिथे जितकं ऊन कडक तितकं पाणी जास्त, आणि ते दुधाळ, राखाडी. ऑरेगनमधली डेश्यूट्स नदी अगदी कोरड्या मुलखातून वाहते. पण मॉपिन गावाच्या खाली तिला व्हाइट रिव्हर मिळते, आणि ती येते माउंट हूडच्या हिमनदीतून. गरम दिवसांत ती इतका बारीक गाळ आणते की संगमाच्या खालचं पाणी गढूळ होऊन जातं. वर मात्र नदी स्वच्छच. जाणकार लोक तेव्हा मुकाट्याने गाडी संगमाच्या वर नेतात. आणखी उत्तरेला, ब्रिटिश कोलंबियात स्कीना नदीच्या खोऱ्यात, हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस करतो. तिथली किस्पिऑक्स नदी एका जोरदार पावसाने दिवसच्या दिवस बिघडते. बॅबीन नदी मोठ्या तळ्यातून निघते, त्यामुळे ती लवकर निवळते. आपल्या तळीवाल्या गावांतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

मग वाढलेल्या पाण्यात मासा काय करतो? पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आधीच हात आखडून जगणारा मासा हा खर्च करेल कशाला? एरवी तो जिथे असतो, म्हणजे नदीच्या मध्यात, मोठ्या शिळेच्या पुढेमागे किंवा डोहाच्या तोंडाशी, तिथे आता प्रवाह त्याला फुकट दमवतो. म्हणून तो बाजूला सरकतो. काठाशी आणि तळाशी घर्षणामुळे पाणी हळू चालतं. काल जिथे कोरडे गोटे आणि गवत होतं, तिथे आज गुडघाभर पाणी आहे, आणि मासा तिथे आहे. वर चढणारे मासेही याच पट्ट्यातून, काठाला धरून जातात.

बहुतेक जण इथेच फसतात. नदी फुगलेली दिसली की माणसाला वाटतं आता मासा कुठेही असेल, शोधायचा कसा? खरं तर शोधायची जागा कमी झालेली असते. मधला मोठा पट्टा माशाने स्वतःच सोडून दिलेला असतो. उरतात काठाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या, वळणाची आतली बाजू, एखाद्या सुळक्यामागचा संथ भाग, आणि डोहाचं शेपूट, म्हणजे डोह संपून पाणी पुन्हा उथळ होतं तो गुळगुळीत उतार. खालचा खळाळ चढून आलेला मासा या शेपटावर दम खायला थांबतो. आणि आपला नवशिका काय करतो? सवयीने कमरेपर्यंत पाण्यात शिरतो आणि नदीच्या मध्यात लांबच लांब दोरी फेकतो. मासा असतो त्याच्या पाठीमागे, जिथून तो धबधब चालत आला तिथे. मावसभावाचा नियम सोपा आहे: "बाय, पहिले दहा टप्पे कोरड्या बुटांनी." आधी काठावर उभं राहायचं, चार हात दोरी टाकायची, मग सहा हात, मग दहा. जवळचं पाणी तपासून झाल्याशिवाय पाण्यात पाय नाही.

दोरी टाकण्याबद्दल थोडं. गळाला जे लावतात त्याला इंग्रजीत फ्लाय म्हणतात. मराठीत 'माशी' म्हटलं तर मासा आणि माशी यांची भलतीच सरमिसळ होते, म्हणून मी फ्लायच म्हणते. ती पिसं आणि केस गळाला गुंडाळून बनवलेली असते. उन्हाळ्यातल्या उथळ, निवळ पाण्यात ती लहान असते आणि पाण्याच्या वरच्या थरात, कधी तर पृष्ठावरच चालते. वाढलेल्या पाण्यात ती मोठी लागते, बोटाएवढी, आणि रंग काळा, जांभळा, गडद निळा. गढूळ पाण्यात भडक रंग हवा असं आपल्याला वाटेल, नारिंगी वापरतातही. पण खालून वर बघणाऱ्या माशाला फिकट आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृतीच ठळक दिसते, हे मला पटतं. दोरीच्या पुढच्या टोकाला दहा-पंधरा फूट जड, बुडणारा भाग जोडतात. त्याच्यापुढचा बारीक तंगूस जेमतेम तीन-चार फूट ठेवायचा. लांब ठेवला तर जड भाग खाली जातो आणि फ्लाय मात्र वरच तरंगत राहते.

फेक तिरकी, प्रवाहाच्या खालच्या बाजूला. मग प्रवाहच दोरीला ओढत, कमानीसारखी फिरवत, हळूहळू तुमच्या काठाकडे आणतो. याला ते स्विंग म्हणतात. जोराच्या पाण्यात दोरीला पोट येतं आणि फ्लाय सुसाट पळते. थंड पाण्यातला सुस्त मासा तिच्यामागे धावणार नाही. म्हणून दोरी उचलून वरच्या बाजूला टाकायची, फ्लायला वेळ द्यायचा. शेवटी ती तुमच्या बरोबर खाली, काठाजवळ येऊन थांबते. एरवी लोक इथे कंटाळून दोरी उचलतात. वाढलेल्या पाण्यात मात्र नेमक्या याच जागी मासा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिला तिथे लोंबू द्यायची, मनात वीस मोजायचे. मग एक-दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा तेच. ज्यांना फ्लायचं कौतुक नाही ते धातूचा चमचा किंवा गरगर फिरणारा स्पिनर वापरतात. जागा मात्र त्यांनाही तीच शोधावी लागते.

घरून निघण्याआधी पाणी बघायची सोय तिकडे फार चांगली आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची मापनयंत्रं नद्यांवर बसवलेली आहेत. दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते फोनवर दिसतं. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. पण नुसता आकडा बघून उपयोग नाही, आलेख कुठे चाललाय ते बघायचं. ४,००० वरून ५,००० कडे चढणारी नदी आणि ६,००० वरून ५,००० वर उतरलेली नदी, आकडा एकच, पण पहिलीत काडीकचरा, फांद्या, गाळ आणि अस्वस्थ मासे. दुसरीत निवळत चाललेलं हिरवट पाणी आणि स्थिरावलेले मासे. पाण्यात दोन-तीन फूट खोल दिसत असेल तर दिवस चांगला. एक फूटही दिसत नसेल तर चहा प्यावा. मावसभाऊ गोल्ड बार गावाजवळ स्कायकोमिशवर जातो, आणि आलेख चढता असेल तर गाडीच बाहेर काढत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हेच शहाणपण. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, वरून ओंडके येतात, आणि छातीपर्यंतच्या वेडर्समध्ये पाणी भरलं की माणसाला पोहणं कठीण. कमरेला घट्ट पट्टा, हातात काठी, हे दोन्ही हवंच.

आपल्याकडे गोव्यात आणि सगळ्या कोकणात पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे ओढ्यातून शेतात चढतात. चढणीचे मासे म्हणतो आपण, उत्तर कोकणात वलगणीचे. तेही प्रवाहाच्या मध्यात मिळत नाहीत, कडेच्या गवतात, बांधाच्या फटीत मिळतात. पण साम्य तिथेच संपतं. चढणीचा मासा अंड्यांनी भरलेला असतो, त्याला घाई असते, आणि आपण त्याला नेमका त्याच वेळी पकडतो. उन्हाळी स्टीलहेडचं अजून काहीच सुरू झालेलं नाही. तो नुसता दिवस काढतोय.

आणि दिवस काढणं त्याला जड जातंय. कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाच्या मत्स्यजिन्यात १९३८ पासून मासे मोजतात. तिथे उन्हाळी स्टीलहेडची सगळ्यात कमी नोंद झाली ती २०२१ साली. धरणं, समुद्रातले बदल, तापलेलं पाणी, कारणं अनेक. म्हणून मला वाढलेल्या पाण्याची ही पानं वेगळी वाटतात. मच्छीमार पूर आला की दिवस वाया गेला म्हणून हळहळतो. माशाला मात्र वितळत्या बर्फाचं गार, भरपूर पाणीच हवं असतं. त्याचा खरा वाईट काळ म्हणजे ऑगस्टचं उथळ, कोमट पाणी. पाणी २० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की कोलंबियातले स्टीलहेड गार उपनद्यांच्या तोंडाशी जाऊन गर्दी करतात. तिथे गळ टाकणं सोपं, आणि मला विचाराल तर लाजिरवाणं. गळाला लागून झुंजलेला मासा तेवढ्या गरम पाण्यात सोडला तरी जगेलच असं नाही. जूनच्या भरल्या नदीत मासा मिळणं कठीण, पण मिळाला तर तो सोडल्यावर जगण्याची आशा खूपच जास्त.

सोडायचा, कारण रानटी मासा ठेवायला बहुतेक ठिकाणी परवानगी नाही. मत्स्यबीज केंद्रातल्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर आधीच कापलेला असतो. तो नसेल तरच मासा घरी. पर शाबूत असेल तर वॉशिंग्टनमध्ये त्याला पाण्याबाहेर उचलायलाही मनाई आहे. फोटोसाठीसुद्धा नाही. गुडघाभर पाण्यात बसायचं, काटा नसलेला गळ बोटांनी सोडवायचा, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून शेपटीपाशी हलकेच धरायचं, आणि तो स्वतः सुटून जाईपर्यंत थांबायचं.

पुढच्या बैठकीला हेग-ब्राउनच्या १९५९ सालच्या 'फिशरमन्स समर'मधलं एक प्रकरण वाचू. हा माणूस इंग्लंडमध्ये जन्मला, व्हँकुव्हर बेटावर कॅम्पबेल नदीच्या अगदी काठावर राहिला, कायद्याची पदवी नसताना तिथला मॅजिस्ट्रेट झाला आणि नदीवरच्या धरणांविरुद्ध भांडला. वाचताना पाणी किती आहे आणि लेखक कुठे उभा आहे, एवढं पेन्सिलीने समासात लिहून आणा. आणि सत्तरी-डिचोलीकडचं ज्यांच्या घरी कुणी चढणीला जातं, त्यांनी त्या माणसाला विचारून यावं की पहिल्या पावसात तो नेमका कुठे उभा राहतो.